आपल्यासाठी कोणी बोलणारा : ख्रिस्ती श्रद्धेतील मध्यस्थीचा विचार

(द्वितीय वर्ष, कला)

'वशिला' या शब्दाला आपल्याकडे मान राहिलेला नाही; तरी त्याच्यावाचून कोणाचे अडत नाही असेही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्यासारख्या घरांना हा शब्द चांगला ठाऊक असतो. उत्पन्नाचा दाखला काढायचा असो, रेशनकार्डावर नाव चढवायचे असो की वसतिगृहात जागा मिळवायची असो, वडीलधारी माणसे पहिला प्रश्न विचारतात तो एकच : "तिथं आपल्या ओळखीचं कोण आहे?" ओळखीचे कोणी नसेल तर अर्ज कितीही खरा असला तरी त्यांचा जीव खालीवर होत राहतो.

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी बोलणे चालले होते. तास सुटल्यावर वर्गातील एका मैत्रिणीने मला विचारले, "तुमचा देव एकच ना गं? आणि तो दयाळू आहे असंही तुम्ही म्हणता. मग मध्ये मध्यस्थ कशाला? देवाच्या दारातही वशिला लागतो की काय?" तिच्या विचारण्यात टिंगल नव्हती, खरे कुतूहल होते. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मावणारे नाही. शिवाय हा प्रश्न माझ्या घरातही फार जुना आहे. म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मध्यस्थ आणि कैवारी

मराठी बायबलमध्ये या संदर्भात दोन शब्द विशेष येतात. पहिला 'मध्यस्थ'. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की देव एकच आहे आणि देव व मानव यांच्यामध्ये मध्यस्थही एकच, तो म्हणजे मनुष्य झालेला ख्रिस्त येशू. विशेष म्हणजे त्याच अध्यायाच्या आरंभी पौल सर्व माणसांसाठी, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठीही रदबदली करा, अशी विनंती करतो. म्हणजे मध्यस्थ एकच. पण एकमेकांसाठी देवाजवळ मागणे हे मात्र सर्वांचेच काम. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे ध्यानात घेतले की पुष्कळसा गोंधळ मिटतो.

दुसरा शब्द 'कैवारी'. मूळ ग्रीक शब्द आहे 'पाराक्लेतोस'. त्याचा अर्थ ज्याला हाक मारून आपल्या बाजूला उभे केले आहे तो. न्यायालयात आरोपीच्या शेजारी उभे राहून त्याच्या वतीने बोलणाऱ्याला ग्रीक लोक हा शब्द लावीत. योहानाच्या शुभवर्तमानात तो पवित्र आत्म्यासाठी येतो आणि योहानाच्या पहिल्या पत्रात खुद्द ख्रिस्तासाठी. आपल्या भाषेत 'कैवार घेणे' म्हणजे नुसती शिफारस करणे नव्हे. कैवार घेणारा माणूस दुसऱ्याचे भांडण स्वतःच्या अंगावर घेतो. माझ्या मते या विचाराचा सगळा जिव्हाळा 'मध्यस्थ' या शब्दापेक्षा 'कैवारी' या शब्दात अधिक आहे.

जुन्या करारातील उदाहरणे

दुसऱ्यासाठी देवापुढे उभे राहण्याची परंपरा येशूच्या फार पूर्वीची आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सदोम नगराचा नाश जवळ आलेला असतो. तेव्हा अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. नगरात पन्नास नीतिमान माणसे असली तर? पंचेचाळीस असली तर? चाळीस, तीस, वीस, शेवटी दहा! आठवड्याच्या बाजारात आमच्या गावच्या बायका कांद्याचा भाव पाडतात तशीच ही बोलणी आहेत. तेवढे दहाही सापडले नाहीत आणि नगर वाचले नाही. पण परक्या लोकांसाठी इतके बोलल्याबद्दल देव अब्राहामावर रागावला, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. प्रत्येक वेळी त्याने ऐकून घेतले.

निर्गमाच्या पुस्तकात मोशेची एक गोष्ट आहे. खाली रणांगणात लोक लढत असतात आणि मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो. हात वर असेपर्यंत त्याच्या लोकांची सरशी होते; हात खाली आले की पीछेहाट. शेवटी त्याचे हात भरून येतात. तेव्हा त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर दोन बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवतात. दुसऱ्यासाठी प्रार्थना करणारासुद्धा थकतो आणि त्यालाही कोणाचा तरी आधार लागतो, हे या गोष्टीत किती सहजपणे आले आहे!

त्याच पुस्तकात महायाजकाच्या पोशाखाचे वर्णन आहे. त्याच्या उरपटावर बारा रत्ने आणि त्यांवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावे कोरलेली. तो पवित्रस्थानात जाई तेव्हा ही नावे छातीवर घेऊन जाई. आणि ईयोब? सारे काही गमावलेला ईयोब तक्रार करतो की देव आणि मी, आम्हा दोघांवर हात ठेवू शकेल असा मधला कोणी नाही. ख्रिस्ती माणूस ईयोबाचे हे बोलणे वाचतो तेव्हा त्याला पुढे येणाऱ्या कोणाची तरी वाट पाहिल्यासारखे वाटते.

साहेब खुर्चीवरून उठला तर?

आता मैत्रिणीच्या मूळ प्रश्नाकडे वळू. वशिल्यात काय असते? वर बसलेला माणूस आपल्याबद्दल बेफिकीर असतो किंवा नाखूश असतो. मधला माणूस त्याचे मन वळवतो आणि त्या बदल्यात पुढेमागे आपल्याकडून काही वसूल करतो. ज्याला असा मधला मिळत नाही तो रांगेत मागे राहतो. म्हणजे एकाचा वशिला हा दुसऱ्यावरचा अन्याय असतो.

ख्रिस्ती शिकवणुकीतील मध्यस्थी या तिन्ही बाबतींत वेगळी आहे. येथे पहिले पाऊल वर बसलेल्यानेच टाकलेले आहे. पुत्राला पाठविणारा पिताच आहे. रागावलेल्या पित्याला समजवायला पुत्र चोरून गेला, अशी ही कथा नाही. आपल्या अनुभवातील दाखला द्यायचा तर असे समजा की कचेरीतला साहेबच खुर्ची सोडून बाहेर आला, रांगेत शेवटी उभ्या असलेल्या अडाणी बाईच्या शेजारी बसला आणि तिचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून देऊ लागला. याला वशिला म्हणता येणार नाही. त्याची परतफेड कोणी मागत नाही, आणि एकासाठी तो बोलला म्हणून दुसऱ्याची जागा कमी होत नाही.

इब्री लोकांस पत्रात या मध्यस्थाचे दोन गुण सांगितले आहेत. एक, त्याला आमच्या दुबळेपणाची कल्पना आहे, कारण भूक, थकवा, मोह आणि मरण हे सारे त्याने स्वतः सोसले आहे. दुसरा, तो आमच्यासाठी विनंती करण्यास सर्वदा जिवंत आहे. पहिल्या गुणामुळे आपण त्याच्यापुढे लाजत नाही. दुसऱ्यामुळे तो आज भेटला, उद्या बदली होऊन गेला, अशी धास्ती राहत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग मला नेहमी विचार करायला लावतो. अटकेच्या रात्री येशू शिमोन पेत्राला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. तू परत वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. त्यानंतर काही तासांतच पेत्र त्याला तीनदा नाकारतो. मग येशूची प्रार्थना फुकट गेली काय? तसे नाही. तो पडणार हे येशूला आधीच माहीत होते. मागणे होते ते त्याने परत उठावे म्हणून. आणि पेत्र उठला. मध्यस्थी म्हणजे संकट टाळण्याचा ताईत नव्हे, हे या एका प्रसंगावरून कळते.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल आणखी खोल जातो. तो म्हणतो की काय मागावे हेच आम्हाला कळत नाही, अशा वेळी आत्मा स्वतः शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने आमच्यासाठी मागणे करतो. पुढे थोड्याच ओळींनंतर तो सांगतो की ख्रिस्तही देवाच्या उजवीकडे आमच्यासाठी रदबदली करतो. म्हणजे एक कैवारी वर आणि एक आपल्या आत. ज्याला धड प्रार्थनाही करता येत नाही त्याच्यासाठी ही केवढी सोय आहे!

आपल्या जिल्ह्यातील दोन वाटा

येथपर्यंत सर्व ख्रिस्ती पंथांचे एकमत आहे. मतभेद पुढे आहे. जे संत मरण पावले त्यांना, विशेषतः येशूची आई मारिया हिला, 'आमच्यासाठी विनंती कर' असे म्हणावे काय?

युरोपात १५१७ साली मार्टिन ल्यूथरने धर्मसुधारणेला तोंड फोडले. १५३० च्या आउग्सबुर्ग येथील कबुलीपत्रात प्रॉटेस्टंटांनी सांगितले की संतांचे स्मरण करावे, त्यांच्या श्रद्धेचा कित्ता गिरवावा, पण त्यांचा धावा करू नये, कारण मध्यस्थ एकच. ट्रेंट येथील कॅथॉलिक धर्मसभेने १५६३ साली उलट निर्णय दिला की संतांना विनंती करणे चांगले व उपयुक्त आहे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ साली स्पष्ट केले की मारियेच्या मध्यस्थीने ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीत काही भर पडत नाही की काही उणे होत नाही. तिची सारी शक्ती त्याच्याकडूनच येते.

हा वाद केवळ युरोपातील नाही, तो आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवरही आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला आपले ठाणे केले. १८४२ साली त्यांचे 'ज्ञानोदय' नगरलाच सुरू झाले. त्यांची परंपरा प्रॉटेस्टंट. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक नगर आणि राहुरी येथे राहिले ते याच परंपरेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात जेझुईट फादर राहुरी, संगमनेर या भागांतील खेड्यांत आले आणि कॅथॉलिक मंडळी वाढली.

कॅथॉलिकांची मोठी यात्रा श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला भरते. जुन्या बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे नावारूपाला आलेले हे गाव. मारियेचा जन्मदिन आठ सप्टेंबर; त्याच सुमारास ही मतमाउलीची यात्रा असते. मुंबईला वांद्र्याच्या टेकडीवर मारियेचे प्रसिद्ध देऊळ आहे, तिला 'मोत माउली' म्हणतात. पोर्तुगीज भाषेत 'मोंत' म्हणजे डोंगर. आमची मतमाउली हे त्याच नावाचे भावंड. हरेगावच्या सपाट काळ्या रानात डोंगर औषधालाही नाही, पण नाव डोंगरावरच्या आईचे! यात्रेआधी नऊ दिवसांची नोव्हेना होते. यात्रेला माणसे पायी येतात, मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात आणि फेडतात. येणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात.

कॅथॉलिक माणूस मारियेला देव मानत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. 'नमो मारिया' या प्रार्थनेचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातील अभिवादनांतून आलेला आहे. दुसऱ्या भागात तिच्याकडे मागणे आहे ते एवढेच की आता आणि मरणाच्या वेळी तिने आमच्यासाठी प्रार्थना करावी. या मागण्यामागे काना गावच्या लग्नाची गोष्ट आहे. लग्नघरी द्राक्षारस संपला. मारियेने मुलाला फक्त तेवढेच सांगितले आणि नोकरांना त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागायला सांगून ती बाजूला झाली. यजमानाची फजिती होण्यापूर्वीच ती ओळखणारी ही बाई! कोणत्याही गरीब लग्नघरातली बाई तिला का जवळची मानते, ते समजायला धर्मशास्त्र शिकावे लागत नाही.

आमच्या घरी या दोन्ही वाटा एका चुलीपाशी येऊन मिळतात. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, मिशनच्या मंडळीतली. आई कॅथॉलिक घरातली. आई जपमाळ घेऊन बसली की आजी म्हणते, "बापाकडं जायचं तर शेजारणीला कशाला सोबत न्यायचं?" त्यावर आईचे उत्तर ठरलेले : "आत्याबाई, मागल्या रविवारी पाळकसाहेबांना तुम्हीच ना म्हणालात, माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा म्हणून? ते चालतं, आणि माउलीला सांगितलेलं चालत नाही?" आजी यावर म्हणते, "पाळकसाहेब जिते हायेत." आई म्हणते, "माउलीपण जितीच आहे." मी दोघींच्या मध्ये बसून भाकरी खाते. खरे तर सारा मतभेद या दोन वाक्यांत आलेला आहे. मेलेली श्रद्धाळू माणसे देवाजवळ जिवंत आहेत हे दोघींनाही मान्य आहे. त्यांना आपली हाक ऐकू जाते की नाही, एवढ्यावरच वाद आहे.

मागितलेले मिळाले नाही तर?

मध्यस्थीच्या विचाराची खरी कसोटी येथे आहे. मी अकरावीत असताना माझे वडील आजारी पडले. ते उसाच्या ट्रॅक्टरवर चालक होते. बावीस दिवस ते रुग्णालयात होते. आजीच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांची नावे वाचतात, त्यांत त्यांचे नाव तीन रविवार वाचले गेले. आईने नोव्हेना धरली. शेजारच्या चाचींनी दर्ग्यात दुवा मागितली. वडील गेले.

त्यानंतर आजी दीड महिना प्रार्थनेला तोंड उघडेना. देवळात यायची, बसायची, पण डोळे मिटायची नाही. मंडळीतल्या बायकांनी तिला उपदेश केला नाही. त्या रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायच्या आणि तिच्या शेजारी बसून स्वतः प्रार्थना करायच्या. येताना कोणी पिठाचा डबा आणी, कोणी डाळ आणी. आजारी माणसांच्या यादीतून वडिलांचे नाव गेले होते; आता शोकात असलेल्या घरांच्या यादीत आमचे नाव वाचले जात होते. मी त्या वेळी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचलेला होता, पण त्यातील कण्हण्याचा अर्थ मला आजीकडे पाहून कळला. बोलता येत नसलेल्या माणसासाठी दुसरे कोणी बोलत होते. पुढे एका संध्याकाळी त्यांच्या प्रार्थनेच्या शेवटी आजीच्या तोंडून हलकेच 'आमेन' आले. घरात कोणी त्याविषयी काही बोलले नाही. आईने उठून चहाला आधण ठेवले.

मध्यस्थीने वडील वाचले नाहीत, हे सत्य आहे, आणि ते गोड करून सांगण्याची माझी इच्छा नाही. पण आम्ही एकटे पडलो नाही, हेही तितकेच सत्य आहे. ज्या दिलाशाविषयी मी लिहीत आहे तो हा आहे. त्यात मरणाचे कारण सांगितलेले नाही. आपले नाव कोणीतरी छातीवर घेऊन उभे आहे, एवढी खात्री त्यात आहे.

याच ठिकाणी एक इशाराही दिला पाहिजे. प्रार्थना हा औषधाला पर्याय नव्हे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी प्रार्थना करावयास सांगितले आहे, तेथेच तेल लावण्याचाही उल्लेख आहे. त्याच पत्रात याकोब असेही विचारतो की उघड्यावाघड्या, भुकेल्या भावाला नुसते गोड शब्द देऊन वाटेला लावले तर त्याचा काय उपयोग? ओट्यावर आलेल्या बायकांनी पिठाचा डबा आणला नसता तर त्यांची प्रार्थना मला इतकी खरी वाटली असती का, याची शंकाच आहे. दुसऱ्यासाठी देवाजवळ मागणारा माणूस त्या मागण्याने स्वतःही बांधला जातो.

नेवाशाचे मागणे

हा विचार केवळ ख्रिस्ती माणसांचा आहे असे मला वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. इतका मोठा वाग्यज्ञ संपल्यावर ज्ञानदेवांनी पसायदान मागितले ते स्वतःसाठी नव्हे, साऱ्या प्राणिमात्रांसाठी, आणि त्यात दुष्टांचाही विसर पडू दिला नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांनी आपल्या अभंगांतून ख्रिस्तालाच आई म्हणून साद घातली. नेवाशाला ज्ञानेश्वर माउली, हरेगावला मारिया माउली आणि राहुरीच्या कवीला ख्रिस्त आई! एकाच जिल्ह्यातल्या माणसांना आपला कैवार घेणारे कोणी आठवले की आईच आठवते, हा योगायोग नसावा. तत्त्वज्ञान तिन्ही ठिकाणी वेगळे आहे आणि ते एकच आहे असे मी म्हणणार नाही. पण मागणाऱ्याचा सूर ओळखीचा आहे.

माझ्या मैत्रिणीला मी आता असे सांगेन : देवाला आमची माहिती नाही म्हणून आम्ही मध्यस्थ शोधत नाही. आम्हाला धीर नाही, शब्द नाहीत, कधीकधी श्रद्धाही नसते. अशा वेळी आमच्या बाजूने बोलणारा देवानेच दिला आहे, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते. ते पटणे न पटणे ज्याचे त्याच्यापाशी. मात्र त्यातून निघणारे कर्तव्य सर्वांनाच पटण्यासारखे आहे. आपल्यापैकी कितीतरी जण आपापल्या घरातले पहिले शिकणारे आहेत. कोणीतरी आपला अर्ज लिहून दिला, कोणीतरी आपल्यासाठी चार शब्द बोलले, म्हणून आपण या वर्गांत बसलो आहोत. येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशी एखादी मुलगी आपल्या अंगठेबहाद्दर वडिलांबरोबर बावरून उभी असेल. तिचा अर्ज भरून द्यायला आपल्यापैकी कोणी पुढे झाले तर फार बरे होईल.